लिनक्सवरचं मीडिया सेंटर अडतं तेव्हा: कोडी आणि जेलीफिनमधला बिघाड नेमका कसा शोधायचा

मीडिया सेंटर बिघडलं की बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो तो काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याकडे. लिनक्सवर त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. पॅकेज मॅनेजर फक्त प्रोग्रॅम काढतो. कोडीची सगळी सेटिंग्ज, लायब्ररी आणि ॲडऑन होम फोल्डरमधल्या ‘डॉट कोडी’ या लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात आणि त्याला कुणी हात लावत नाही. प्रोग्रॅम नवा आला तरी बिघाड जुनाच, कारण तो त्या फोल्डरमध्ये किंवा त्याहून खाली ड्रायव्हर, परवानग्या, डिस्क यांत बसलेला असतो. जेलीफिनचंही तसंच, त्याचा डेटा ‘व्हार’मधल्या ‘लिब’ फोल्डरखाली ‘जेलीफिन’ नावाने असतो. तिथे ‘पर्ज’ (पॅकेजसोबत त्याचा डेटाही पुसणं) करायला गेलात, तर कुठला भाग कुठपर्यंत पाहिला याच्या नोंदीही हातच्या जाऊ शकतात.

या लेखात दोन प्रोग्रॅम धरले आहेत. टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर स्वतः व्हिडिओ चालवणारा कोडी, आणि कोपऱ्यात बसून फोन, टीव्ही, ब्राउझर यांना व्हिडिओ पुरवणारा सर्व्हर जेलीफिन. प्लेक्स किंवा एम्बी वापरत असाल तरी सर्व्हरबद्दलचं बहुतेक सगळं लागू पडेल, कारण जेलीफिन मुळात २०१८ मध्ये एम्बीपासूनच वेगळा झाला. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाकायच्या.

आधी बिघाड कुठल्या थरात आहे ते ठरवा

सेटिंग्ज उघडण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. एकच फाइल अडते की सगळ्या? एकाच उपकरणावर अडते की सगळीकडे? आणि कधीपासून? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आठवणीवर सोडू नका. डेबियन आणि उबुंटूवर ‘व्हार’ → ‘लॉग’ → ‘एपीटी’ या फोल्डरमधल्या ‘हिस्टरी डॉट लॉग’मध्ये कुठलं पॅकेज कुठल्या दिवशी बदललं ते लिहिलेलं असतं. फेडोरावर ‘डीएनएफ हिस्टरी’ तेच सांगते. ‘काहीच बदललं नाही’ असं म्हणणाऱ्याच्या यंत्रावर बिघाडाच्या आदल्या दिवशीच नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा संच) येऊन बसलेला असतो, हे इतक्यांदा दिसतं की ही यादी सगळ्यात आधी बघावी.

मग तीच फाइल त्याच यंत्रावर ‘एमपीव्ही’ या साध्या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालवा. तिथेही अडखळली, तर कोडी निर्दोष आहे. फाइल, ड्रायव्हर किंवा डिस्क यांच्याकडे बघा. एमपीव्हीत नीट चालली, तर कोडी बंद करा, ‘डॉट कोडी’ फोल्डरचं नाव बदलून ‘डॉट कोडी जुना’ असं काहीतरी ठेवा आणि कोडी पुन्हा सुरू करा. कोडी कोऱ्या पाटीने उघडेल. आता चाललं तर दोष तुमच्या सेटिंग्जमध्ये किंवा एखाद्या ॲडऑनमध्ये. नाही चाललं तर नाव पूर्ववत करा, काहीही हरवत नाही. ही दोन मिनिटांची तपासणी अर्धं रान कमी करते. कोडी फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीतून घेतला असेल, तर त्याचा डेटा होममधल्या ‘डॉट व्हार’ → ‘ॲप’खाली असतो, बरेच जण नसलेला फोल्डर शोधत बसतात तो इथे सापडतो.

लॉग वाचायचा, म्हणजे शेवटून वाचायचा

कोडीचा लॉग ‘डॉट कोडी’मधल्या ‘टेम्प’ फोल्डरमध्ये ‘कोडी डॉट लॉग’ नावाने असतो. शेजारीच ‘कोडी डॉट ओल्ड डॉट लॉग’ असतो, तो मागच्या खेपेचा. कोडी क्रॅश होऊन तुम्ही तो पुन्हा चालू केला असेल, तर हवा असलेला मजकूर या जुन्या फाइलमध्ये असतो आणि तिसऱ्यांदा चालू केलात की तोही पुसला जातो. म्हणून क्रॅश झाल्यावर आधी लॉगची प्रत काढा.

सेटिंग्ज → सिस्टिम → लॉगिंग इथे डीबग लॉगिंग चालू करा, बिघाड एकदाच घडवून आणा आणि लगेच बंद करा. चालू ठेवलंत तर हजारो ओळींत कामाची ओळ बुडून जाते. शेवटून वर जात ‘एरर’ शोधा, पण पहिली एरर दिसली की थांबू नका. शेवटची एरर बहुधा परिणाम असते; कारण तिच्या काही ओळी वर, कधी नुसत्या ‘वॉर्निंग’च्या रूपात बसलेलं असतं.

जेलीफिनचे लॉग ‘व्हार’ → ‘लॉग’ → ‘जेलीफिन’ इथे आहेत आणि डॅशबोर्डमधूनही उघडतात. त्यात ‘एफएफएमपेग डॉट ट्रान्सकोड’ या नावाने सुरू होणाऱ्या फाइल वेगळ्या असतात. व्हिडिओ सुरूच होत नसेल, तर मुख्य लॉगपेक्षा ही फाइल जास्त बोलते. सर्व्हर उठतच नसेल तर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस जेलीफिन’ आणि मग ‘जर्नलसीटीएल -यू जेलीफिन -बी’. शेवटचा ‘-बी’ फक्त या बूटपासूनच्या ओळी दाखवतो.

फाइल डिस्कवर आहे, लायब्ररीत नाही

सर्व्हरवर सर्वाधिक वेळ खाणारा बिघाड हाच, आणि दहातल्या नऊ वेळा तो परवानग्यांचा असतो. जेलीफिन तुमच्या नावाने चालत नाही. तो ‘जेलीफिन’ नावाच्या स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने चालतो. तुम्हाला फाइल मॅनेजरमध्ये सगळं दिसतं म्हणून त्यालाही दिसत असेल असं नाही. त्याच्या डोळ्यांनी बघायची सोपी रीत: ‘सुडो -यू जेलीफिन एलएस’ आणि पुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता. ‘परमिशन डिनाइड’ आलं, की बिघाड सापडला.

आता अडतंय नेमकं कुठे ते बघायला ‘नेमआय -एल’ आणि तोच पत्ता द्या. ही कमांड पत्त्यातला प्रत्येक फोल्डर एकेका ओळीवर परवानग्यांसकट दाखवते. ओळीच्या सुरुवातीच्या दहा खुणांपैकी शेवटच्या तीन ‘इतर सगळ्यां’साठी असतात. तिथे नुसत्या तीन आडव्या रेघा दिसल्या, तर जेलीफिन त्या फोल्डरच्या दारातच अडला. आतल्या फाइलना कितीही परवानग्या दिल्या तरी उपयोग नाही. फोल्डरमधून पुढे जायला त्यावर ‘एक्स’ ही परवानगी लागते. व्हिडिओ होम फोल्डरमध्ये ठेवले असतील तर हे हमखास घडतं: उबुंटूने २१.०४ पासून होम फोल्डरची परवानगी ७५० केली, म्हणजे इतरांना दार बंद. डेस्कटॉपवर क्लिक करून जोडलेली यूएसबी डिस्कही ‘मीडिया’ फोल्डरखाली फक्त तुमच्या नावाने लागते, तिथेही हीच गत.

इथे ‘सीएचमॉड ७७७’चा, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देण्याचा, सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. डिस्क होमच्या बाहेर, समजा ‘एसआरव्ही’खालच्या ‘मीडिया’ फोल्डरवर, कायमची जोडा. त्यासाठी ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एफएसटॅब’मध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) डिस्कचं यूयूआयडी, म्हणजे तिची कायमची ओळख, लिहा, ते ‘एलएसबीएलके -एफ’ दाखवतं. ‘एसडीबी१’ असलं नाव लिहू नका, कारण दुसरी डिस्क लावली की ते बदलू शकतं. पर्यायांमध्ये ‘नोफेल’ असू द्या, म्हणजे डिस्क जोडलेली नसताना यंत्र बूट होताना अडून बसणार नाही.

‘नोफेल’ची एक बाजू लक्षात घ्या. डिस्क उशिरा जागी झाली तर सर्व्हर तिच्याआधी सुरू होतो आणि त्याला रिकामा फोल्डर दिसतो. त्या अवस्थेत स्कॅन झालं तर लायब्ररी ओस पडू शकते. उपाय: ‘सुडो सिस्टिमसीटीएल एडिट जेलीफिन’ उघडून ‘युनिट’ विभागात ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ (तिन्ही शब्द जोडून) आणि बरोबरच्या चिन्हापुढे फोल्डरचा पत्ता लिहायचा. मग डिस्क लागल्याशिवाय सेवा सुरू होत नाही. कोडीतही हाच धडा वेगळ्या रूपात आहे: डिस्क किंवा शेअर जोडलेला नसताना ‘क्लीन लायब्ररी’ कधीही चालवू नका.

डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल पद्धत) असेल आणि तिच्यावर लिहिताच येत नसेल, तर ती शेवटची कुठल्या यंत्राला होती ते आठवा. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ते डिस्क पूर्ण बंद न करताच झोपी जातं, आणि लिनक्स अशी डिस्क एकतर फक्त वाचण्यापुरती लावतो किंवा लावतच नाही. विंडोजमध्ये जाऊन ते बंद करणं हाच खरा उपाय.

परवानग्या ठीक, तरी नवी फाइल आपोआप येत नाही? स्कॅनचं बटण दाबल्यावर येत असेल, तर प्रश्न कर्नलच्या आयनोटिफाय (फोल्डरमधला बदल कळवणाऱ्या) सूचनांचा आहे. किती फोल्डरांवर लक्ष ठेवता येईल याला मर्यादा असते. जुन्या कर्नलवर ती ८१९२ होती. मोठी लायब्ररी ती सहज ओलांडते आणि लॉगमध्ये तशी तक्रार दिसते. ‘सिसीटीएल’मधून ‘मॅक्स युजर वॉचेस’ ५,२४,२८८ पर्यंत वाढवली की झालं. मात्र फोल्डर एनएफएस किंवा साम्बा या नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतींनी आलेला असेल, तर दुसऱ्या यंत्राने केलेला बदल कर्नलला कळतच नाही. तिथे मर्यादा वाढवण्यात अर्थ नाही, ठरावीक वेळाने स्कॅन लावा.

फाइल दिसते पण भलत्याच चित्रपटाचं पोस्टर येतं, तो नावाचा प्रश्न. प्रत्येक चित्रपटाला वेगळा फोल्डर, नावापुढे कंसात वर्ष. मालिकांना सीझनचे फोल्डर आणि फाइलच्या नावात एस०१ई०२ अशी खूण. इतकं केलं की बहुतेक घोळ मिटतात.

चित्र अडखळतं

कोडीत व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचं ओ दाबा. पडद्यावर डिकोडरचं (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाचं) नाव येतं आणि शेवटी कंसात एचडब्ल्यू किंवा एसडब्ल्यू. एचडब्ल्यू म्हणजे ग्राफिक्स चिप काम करतेय, एसडब्ल्यू म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर. जुन्या छोट्या यंत्रावर फोर-के एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याचा एक प्रकार) फाइल एसडब्ल्यूवर चालली, तर अडखळणारच.

एसडब्ल्यू दिसलं तर ‘व्हीएइन्फो’ चालवा. ही इंटेल आणि एएमडी चिपसाठीची तपासणी आहे. यादीत ‘एचईव्हीसी मेन १०’ या प्रोफाइलसमोर ‘व्हीएलडी’ असेल तर चिप तो प्रकार उलगडू शकते. नसेल तर दोन शक्यता: चिपमध्ये ती सोय नाही, किंवा ड्रायव्हर अपुरा आहे. १० बिटांचं एचईव्हीसी इंटेलमध्ये केबी लेकपासून, म्हणजे सातव्या पिढीपासून नीट आलं. एव्ही१ हा नवा प्रकार उलगडायला इंटेलची अकरावी पिढी किंवा एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका तरी लागते. रास्पबेरी पाय ५ मध्ये तर एचईव्हीसीचा डिकोडर आहे, पण एच.२६४ चा काढून टाकला आहे. तिथे साध्या फाइलसमोर एसडब्ल्यू दिसलं तर घाबरू नका, प्रोसेसर ते पेलतो. १० बिटांचं एच.२६४ मात्र जवळजवळ कुठलीच चिप हाताळत नाही, त्यासाठी ड्रायव्हर शोधत फिरणं व्यर्थ.

ड्रायव्हरच्या बाजूने: इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे ‘इंटेल मीडिया ड्रायव्हर’, त्याआधीच्या चिपना ‘आय९६५’. फेडोरावर एएमडी चिप असेल आणि यादीतून एच.२६४, एचईव्हीसी दोन्ही गायब असतील, तर तुमचं यंत्र ठणठणीत आहे. पेटंटच्या कारणाने फेडोराने २०२२ मध्ये मेसामधून ते काढले. आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या पॅकेज भांडारातलं ‘मेसा व्हीए ड्रायव्हर्स फ्रीवर्ल्ड’ पॅकेज ते परत आणतं.

एचडब्ल्यू दिसतंय, प्रोसेसर निवांत आहे, तरी कॅमेरा आडवा फिरताना चित्र थरथरतं? मग वेगाचा मेळ बसत नाहीये. बहुतेक चित्रपट सेकंदाला २३.९७६ चौकटींचे असतात आणि पडदा ६० हर्ट्झचा. एक चौकट तीन वेळा, पुढची दोन वेळा दाखवावी लागते, ती थरथर डोळ्यांना जाणवते. कोडीत सेटिंग्ज → प्लेअर → व्हिडिओ इथे ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ चालू करा. टीव्ही २४ वर गेला पण २३.९७६ वर नाही, तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक हलका झटका बसतो. दुसऱ्या कुणाला दिसत नाही, पण एकदा कळला की तुम्हाला दिसतच राहतो. हे सेटिंग वेलँडच्या (लिनक्सच्या नव्या ग्राफिक्स पद्धतीच्या) डेस्कटॉपवर बहुधा चालत नाही, कारण पडद्याचा ताबा कंपोझिटरकडे, म्हणजे खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे असतो. यंत्र फक्त टीव्हीसाठीच असेल तर डेस्कटॉप ठेवूच नका. लिब्रेइलेक (फक्त कोडी चालवण्यासाठीचं छोटं लिनक्स) घाला, किंवा कोडी डेस्कटॉपशिवाय थेट जीबीएमवर चालवा. एचडीआरसाठीही हीच वाट सरळ आहे.

जेलीफिन प्रोसेसर का तापवतो

प्लेबॅक चालू असताना डॅशबोर्ड उघडा. तिथे ‘डायरेक्ट प्ले’ (फाइल आहे तशी पाठवणं) लिहिलंय की ‘ट्रान्सकोड’ (ती नव्याने एन्कोड करून पाठवणं), आणि ट्रान्सकोड असेल तर कशामुळे, हे दिसतं. हे न वाचता लोक आधी हार्डवेअर ॲक्सिलरेशनच्या मागे लागतात. कित्येकदा ट्रान्सकोडची गरजच नसते. ब्ल्यू-रेवरून आलेली पीजीएस सबटायटल्स ही अक्षरं नसून चित्रं असतात. पुष्कळ क्लायंटना ती दाखवता येत नाहीत, म्हणून सर्व्हर ती चित्रावर छापतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करतो. सबटायटल बंद करून बघा. भार खाली आला तर अक्षरांतली एसआरटी सबटायटल मिळवा, प्रश्न संपला.

ट्रान्सकोड खरंच लागत असेल, तर ‘जेलीफिन’ वापरकर्त्याला ग्राफिक्स चिप वापरायची मुभा असलेल्या ‘रेंडर’ गटात घाला: ‘सुडो यूजरमॉड -एजी रेंडर जेलीफिन’. यातला ‘ए’ लहान आणि ‘जी’ मोठा. ‘ए’ विसरलात तर तो वापरकर्ता बाकीच्या जोडगटांतून बाहेर फेकला जातो. नंतर सेवा रीस्टार्ट करा, त्याशिवाय नवा गट लागू होत नाही. जेलीफिन स्वतःचा एफएफएमपेग (व्हिडिओचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम) घेऊन येतो आणि त्याच्यासोबत स्वतःचा ‘व्हीएइन्फो’ही, तो ‘यूएसआर’ → ‘लिब’ → ‘जेलीफिन एफएफएमपेग’मध्ये सापडेल; तपासणी त्यानेच आणि ‘सुडो -यू जेलीफिन’ लावून करा.

डॉकरवाल्यांसाठी, म्हणजे जेलीफिन बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांसाठी, दोन गोष्टी. कंटेनरला ‘डेव्ह’खालचा ‘डीआरआय’ द्यायला हवा, आणि रेंडर गट नावाने न देता आकड्याने द्यायला हवा, कारण कंटेनरच्या आत त्या नावाचा गट असेलच असं नाही. आकडा ‘गेटएंट ग्रुप रेंडर’ सांगते. लायब्ररीचा पत्ताही कंटेनरच्या आतला लिहायचा, बाहेरचा नाही.

आवाज येत नाही

‘एप्ले -एल’ने एचडीएमआय दिसतंय का बघा. दिसत असेल तर ‘पाव्हूकंट्रोल’मध्ये शेवटच्या टॅबवर जाऊन प्रोफाइल एचडीएमआयवर आणा. एचडीएमआयच्या बऱ्याच ओळी असतात, प्रत्येक ओळ वेगळ्या सॉकेटची. ‘अनप्लग्ड’ लिहिलेली सोडून द्या. टीव्ही बंद असताना यंत्र चालू केलं, तर सगळ्याच ओळी ‘अनप्लग्ड’ दिसू शकतात. टीव्ही आधी चालू करून मग यंत्र सुरू करून बघा.

रिसीव्हरला डॉल्बी किंवा डीटीएस कच्च्या रूपात पाठवायचं असेल तर कोडीच्या सेटिंग्जची पातळी ‘एक्स्पर्ट’ करा, नाहीतर सगळे पर्याय दिसतच नाहीत. ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ चालू असेल तर असं कच्चं पाठवणं, म्हणजे पासथ्रू, होत नाही, ते सेटिंग आधी बंद करा. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी ऑप्टिकल केबलमधून जात नाहीत, एचडीएमआय लागतं. पाइपवायर (लिनक्सवर आवाज हाताळणारा प्रोग्रॅम) मध्ये असताना पासथ्रू तुटत असेल तर ‘कोडी --ऑडिओ-बॅकएंड=अल्सा’ अशा रीतीने कोडी सुरू करून बघा; मात्र त्या वेळी तेच कार्ड दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेलं नको. पासथ्रूवर कोडीतून आवाज कमी-जास्त होत नाही, तो बिघाड नव्हे. प्रत्येक वेळी पहिला अर्धा सेकंद गिळला जात असेल तर ‘कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह’ची वेळ वाढवा.

नेटवर्क

सर्व्हर दिसतच नसेल तर आधी सर्व्हरच्या यंत्रावरच ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पोर्ट ८०९६ उघडा. तिथे उघडलं आणि बाहेरून नाही, तर फायरवॉल: उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू’, फेडोरावर ‘फायरवॉलडी’.

जुना नॅस (नेटवर्कवरून फाइल पुरवणारी डिस्कची पेटी) आणि कोडी यांचं जमत नसेल तर साम्बाची आवृत्ती बघा. २०१९ मध्ये आलेल्या साम्बा ४.११ पासून एसएमबी१ (फोल्डर वाटण्याच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) मुळातच बंद असतं आणि जुन्या नॅसना तेवढंच येतं. कोडीच्या सर्व्हिसेस → एसएमबी क्लायंटमध्ये किमान आवृत्ती खाली आणता येते, पण नॅसचं फर्मवेअर अद्ययावत करणं किंवा एनएफएसवर जाणं बरं. एनएफएस घेतलंत तर सर्व्हरच्या ‘एक्सपोर्ट्स’ फाइलमध्ये ‘इनसिक्युअर’ हा पर्याय लिहा. नाव भीतीदायक असलं तरी अर्थ एवढाच, की १०२४ च्या वरच्या पोर्टवरून आलेली विनंतीही स्वीकारायची. कोडी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालत नसल्यामुळे तिथूनच येतो.

मध्येच थांबून गोल फिरत असेल तर ‘आयपर्फ३’ने दोन यंत्रांमधला खरा वेग मोजा. यूएचडी ब्ल्यू-रेचा वेग सेकंदाला १०० मेगाबिटच्या पुढे जाऊ शकतो, आणि पुष्कळ टीव्हींचं इथरनेट सॉकेट आजही १०० मेगाबिटचंच असतं. अशा टीव्हीवर केबलपेक्षा चांगलं पाच गिगाहर्ट्झ वाय-फाय वेगवान निघतं. कोडी २१ पासून कॅशेचे (पुढचा व्हिडिओ आधीच साठवून ठेवण्याचे) पर्याय सेटिंग्जमध्येच आले आहेत. त्याआधीच्या आवृत्तीत ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ची एक्सएमएल फाइल हाताने लिहावी लागते. सरासरी वेगच कमी असेल तर कॅशे वाढवून काही साधत नाही, थांबणं फक्त पुढे ढकललं जातं.

रिमोट, ॲडऑन, अपग्रेड

टीव्हीच्या रिमोटने कोडी चालत नसेल, तर बहुधा यंत्रात सीईसीच (रिमोटचे हुकूम एचडीएमआयवरून पोचवणारी सोय) नाही. पीसीची बहुतेक ग्राफिक्स कार्डं ते एचडीएमआयवर आणत नाहीत. वेगळा यूएसबी ॲडॅप्टर लागतो. रास्पबेरी पायमध्ये मात्र ते असतं.

ॲडऑन चालत नसेल तर तो कधीचा आहे बघा. २०२१ च्या कोडी १९ पासून पायथॉन २ बंद झाला, तेव्हाचे न बदललेले ॲडऑन आता उठणार नाहीत. ज्या लेखात ‘डॉट एक्सबीएमसी’ फोल्डरचा उल्लेख असेल, तो २०१४ च्या नामांतराआधीचा आहे. त्यातल्या कमांड जशाच्या तशा टाकू नका.

मोठ्या अपग्रेडआधी कोडी बंद करून ‘डॉट कोडी’मधल्या ‘यूजरडेटा’ फोल्डरची प्रत काढा, जेलीफिनची सेवा थांबवून त्याच्या डेटा आणि कॉन्फिग फोल्डरांची. सेवा चालू असताना काढलेली डेटाबेसची प्रत अर्धवट असू शकते. कोडी नव्या आवृत्तीसाठी ‘मायव्हिडिओज’ डेटाबेसची नव्या आकड्याची फाइल बनवतो आणि जुनी तशीच ठेवतो, म्हणून मागे फिरता येतं; फक्त जागा मोकळी करायच्या नादात ती जुनी फाइल उडवू नका. जेलीफिनमध्ये जुन्या आवृत्तीकडे परतायचं तर जुन्या डेटाची प्रतच हवी.